सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर व्हायचं तर नेमकं काय यावं लागतं?

१९ जुलै २०२४, शुक्रवार. भारतात सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटं झाली होती. 'क्राउडस्ट्राइक' या सायबर सुरक्षा कंपनीनं आपल्या ग्राहकांच्या विंडोज कॉम्प्युटरवर एक छोटी अपडेट पाठवली. काही मिनिटांत जगभर स्क्रीन निळ्या पडायला लागल्या. विमान कंपन्या, बँका, हॉस्पिटल्स, टीव्ही चॅनेल्स, सगळीकडे तेच. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांच्या हातात पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास आले आणि त्यांचे फोटो दिवसभर फिरत राहिले.

मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर्सना याचा फटका बसला. गंमत म्हणजे कंपनीनं चुकीची अपडेट सव्वा तासातच मागे घेतली होती. पण जी मशीन्स आधीच बंद पडली होती, ती दुरुस्त अपडेट घेण्याइतका वेळ सुरूच राहत नव्हती. मग उपाय काय? कुणीतरी त्या प्रत्येक मशीनपर्यंत पोचायचं, ते सेफ मोडमध्ये सुरू करायचं, एक फाइल शोधून डिलीट करायची आणि मशीन रीस्टार्ट करायचं. डिस्क 'बिटलॉकर'ने कुलूपबंद असेल तर त्याआधी ४८ आकडी रिकव्हरी की टाकायची. आणि ती की कुठे लिहून ठेवली आहे, हे माहीत असायला हवं. एका ऑफिसात अशी ४०० मशीन्स असतील तर ४०० वेळा.

बातम्यांमध्ये कंपनीचं नाव आलं, तिचा शेअर किती पडला तेही आलं. शनिवार-रविवार एक करून ही मशीन्स उठवणाऱ्यांबद्दल फारसं काही आलं नाही. त्यांना सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणतात. ऑफिसच्या भाषेत, "आयटीवाल्याला बोलवा."

दरवर्षी निकाल लागले की 'हार्डवेअर-नेटवर्किंग करू का?', 'लिनक्सचा क्लास लावू का?' असे प्रश्न सुरू होतात. क्लासच्या जाहिरातींत शंभर टक्के नोकरीची हमी असते. फी मात्र घरच्यांनी कुठून तरी जुळवलेली असते. म्हणून कुठे पैसे घालायचे यापेक्षा आधी काय यायला हवं, ते पाहू.

काम नेमकं काय असतं?

सॉफ्टवेअर लिहिणारा डेव्हलपर. ते सॉफ्टवेअर ज्या सर्व्हरवर चालतं, तो सर्व्हर सुरू ठेवणारा, त्याची अपडेट, बॅकअप, युजर्सचे पासवर्ड आणि परवानग्या, नेटवर्क, सुरक्षा हे सांभाळणारा सिस्टीम ॲडमिन. कोड लिहिता येणं इथे उपयोगाचं आहे, पण रोजचं काम ते नाही.

ही नोकरी फक्त हिंजवडी किंवा ऐरोलीतच असते असंही नाही. जिल्ह्याच्या ठिकाणच्या हॉस्पिटलमध्ये पेशंटच्या नोंदींचा सर्व्हर असतो. सहकारी बँकेच्या शाखा एकमेकींना जोडलेल्या असतात. एमआयडीसीतल्या कारखान्यात बिलिंगपासून हजेरीपर्यंत सगळं एका कपाटातल्या दोन मशीनवर चालतं. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर ऐन गळीत हंगामात बंद पडला की बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते, आणि त्या रांगेतल्या माणसाला सर्व्हर, स्विच वगैरे शब्दांशी काही देणंघेणं नसतं.

लिनक्स की विंडोज?

हा वाद बाजूला ठेवा, दोन्ही लागतात. इंटरनेटवरचे बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात. पण साध्या ऑफिसात कर्मचाऱ्यांचे लॉगिन, प्रिंटर, शेअर केलेले फोल्डर हे सगळं मायक्रोसॉफ्टच्या 'ॲक्टिव्ह डिरेक्टरी'वर असतं. कुणाला कुठल्या फोल्डरची परवानगी, पासवर्ड किती दिवसांनी बदलायचा, कर्मचारी सोडून गेला की त्याचं खातं कधी बंद करायचं, हे तिथे ठरतं. छोट्या शहरात पहिली नोकरी शोधत असाल तर आधी विंडोजची बाजू उपयोगी पडेल. पुढे जायचं असेल तर लिनक्सला पर्याय नाही.

लिनक्समध्ये सुरुवातीला चार गोष्टी घट्ट बसायला हव्यात: फाइल कुठे असतात, कुणाला कुठली परवानगी आहे, कुठली सर्व्हिस सुरू किंवा बंद आहे आणि लॉग कुठे वाचायचा. एखादं ॲप्लिकेशन फाइल वाचत नसेल तर नवखा माणूस सरळ 'सीएचमॉड ७७७' मारतो. म्हणजे त्या फाइलवर सगळ्यांना सगळं करायची मुभा. अडचण सुटते आणि घराचा दरवाजा सताड उघडा राहतो. मुलाखतीत हे उत्तर दिलं की समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो म्हणतात.

'साइट उघडत नाहीये'

या कामातलं खरं कौशल्य कुठलं, असं एकच विचारलं तर मी म्हणेन अडचण तोडून बघता येणं. 'वेबसाइट उघडत नाही, काय करशील?' हा मुलाखतीतला जुना प्रश्न आहे. रीस्टार्ट करेन, हे उत्तर कधीकधी बरोबरही निघतं, पण त्यातून काहीच कळत नाही.

पायरीपायरीने बघा. साइट फक्त या एकाच माणसाला उघडत नाहीये की सगळ्यांना? सगळ्यांना असेल तर पुढे. साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता मिळतोय का? ते काम डीएनएसचं, इंटरनेटच्या टेलिफोन डिरेक्टरीचं. पत्ता मिळाला, तर त्या मशीनपर्यंत पोचता येतंय का? पोचता आलं, तर ४४३ नंबरच्या पोर्टवर कुणी ऐकतंय का? सुरक्षित वेबसाइटची ये-जा तिथून होते. ऐकत असेल तर सर्टिफिकेटची मुदत संपली आहे का? तेही ठीक असेल तर आतलं ॲप्लिकेशन, त्याचा डेटाबेस, त्याची डिस्क.

यातला एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आणि 'कनेक्शन टाइम्ड आउट' या दोन एररना बहुतेक लोक एकच समजतात. रिफ्यूज्ड म्हणजे दार वाजवल्यावर आतून कुणीतरी 'नाही' म्हणालं. मशीन जिवंत आहे, पण त्या पोर्टवर सर्व्हिस चालू नाही, किंवा फायरवॉलने तोंडावर नकार दिला. टाइम्ड आउट म्हणजे दार वाजवत राहिलात आणि काहीच उत्तर आलं नाही. मशीन बंद असेल, रस्ता चुकला असेल किंवा मधली फायरवॉल तुमची विनंती गपचूप टाकून देत असेल. पहिल्या बाबतीत आधी सर्व्हिस बघायची, दुसऱ्या बाबतीत आधी रस्ता. एवढं कळलं तरी निम्मा तास वाचतो.

डीएनएस आणि रस्ते बिघडले की काय होतं, ते ४ ऑक्टोबर २०२१ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद पडले तेव्हा दिसलं. भारतात तेव्हा रात्र होती. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका चुकीच्या आदेशाने कंपनीच्या नेटवर्कचा कणाच तुटला, त्यांच्या डीएनएस सर्व्हरकडे जाणारे रस्ते इंटरनेटवरून नाहीसे झाले. दुरुस्तीची साधनंही त्याच नेटवर्कवर असल्यामुळे इंजिनिअर्सना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावं लागलं. नेटवर्किंग शिकायचं ते यासाठी. सबनेट, गेटवे, डीएचसीपी हे शब्द पाठ करून उपयोग नाही, तुमच्या घरच्या वायफायवर यातलं कोण काय करतंय ते सांगता यायला हवं.

डिस्क भरली, पण फाइल कुठेच नाही

सर्व्हर सांगतोय की डिस्क शंभर टक्के भरली. तुम्ही फोल्डर मोजता तर बेरीज निम्मीसुद्धा होत नाही. 'डीएफ' ही कमांड एक सांगते, 'डीयू' दुसरंच. हा प्रकार लिनक्सवर काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी भेटतो.

कारण असं की कुणीतरी एक भलीमोठी लॉग फाइल डिलीट केलेली असते, पण जी सर्व्हिस त्या फाइलमध्ये लिहीत होती तिने ती अजून उघडी धरून ठेवलेली असते. लिनक्समध्ये फाइलचं नाव पुसलं तरी शेवटचा वापरणारा तिला सोडत नाही तोवर जागा मोकळी होत नाही. ती सर्व्हिस शोधून रीस्टार्ट केली की जागा परत येते. दुसरा प्रकार त्याहून चक्रावणारा. जागा शिल्लक आहे, तरी नवी फाइल बनत नाही. तेव्हा संपलेले असतात आयनोड. प्रत्येक फाइलला एक आयनोड लागतो, आणि लिनक्सच्या प्रचलित ईएक्सटी४ फाइल सिस्टीममध्ये त्यांची संख्या ती तयार करतानाच ठरते. एखाद्या ॲप्लिकेशनने लाखो चिमुकल्या फाइल्स साठवल्या की रेशन कार्डं संपतात, धान्य तसंच पडून राहतं.

हे इतकं खोलात सांगायचं कारण म्हणजे अशा गोष्टी व्हिडिओ पाहून डोक्यात राहत नाहीत. एकदा स्वतः अडकून सुटावं लागतं.

बॅकअप आहे, असं सगळेच म्हणतात

३१ जानेवारी २०१७च्या रात्री 'गिटलॅब' या कंपनीत डेटाबेसची एक अडचण सोडवताना एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हरवरचं फोल्डर रिकामं करण्याची कमांड दिली. ती चालली मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात येऊन त्याने ती थांबवली, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबीच उरले होते.

ठीक आहे, बॅकअप होता ना? कंपनीकडे पाच वेगवेगळ्या व्यवस्था होत्या आणि ऐनवेळी एकही धड कामाला आली नाही. रोजचा बॅकअप घेणारा प्रोग्राम डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नव्हता, त्यामुळे तो रोज अयशस्वी होत होता. तो अयशस्वी झाल्याचे ईमेल पाठवले जात होते, पण ते मेल सर्व्हरच नाकारत होता. शेवटी एका इंजिनिअरने दुसऱ्याच कामासाठी सुमारे सहा तास आधी हाताने घेतलेली प्रत उपयोगी पडली. मधल्या सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच.

कंपनीनं हे सगळं लपवलं नाही. दुरुस्तीचं काम यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं आणि नंतर काय चुकलं याचा सविस्तर अहवाल छापला. तो आजही वाचायला मिळतो. या क्षेत्रात येणाऱ्याने कुठल्याही क्लासच्या आधी तो वाचावा, असं माझं मत आहे. चूक करणाऱ्याला कामावरून काढलं नाही, हेही त्यात महत्त्वाचं.

बॅकअपचा जुना नियम ३-२-१ असा सांगतात. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. रॅन्समवेअरच्या काळात त्या एका प्रतीला नेटवर्कवरून कुणाचा हात लागणार नाही, हेही बघावं लागतं. आणि महिन्यातून एकदा तरी बॅकअपमधून फाइल परत काढून बघायची. परत काढून न पाहिलेला बॅकअप आहे की नाही, हे कुणालाच माहीत नसतं.

स्क्रिप्ट, क्लाउड वगैरे

चाळीस सर्व्हरची डिस्क रोज सकाळी हाताने तपासणारा माणूस महिनाभरात कंटाळतो आणि मग चुकतो. तेच काम दहा ओळींच्या स्क्रिप्टने होतं. लिनक्सवर बॅश, विंडोजवर पॉवरशेल, दोन्हीकडे चालणारं पायथन. अगदी प्रोग्रामर व्हायची गरज नाही. यादीतल्या प्रत्येक मशीनवर जा, हे तपास, जास्त असेल तर मला मेल कर, इतकं लिहिता आलं तरी सुरुवात झाली. त्यानंतर 'ॲन्सिबल'सारखं साधन शिका. त्यात मशीनची अवस्था कशी असायला हवी ते लिहून ठेवतात आणि ते साधन शंभर मशीन्स तशी करून देतं.

'क्लाउड आलं, आता ॲडमिन कशाला?' असंही ऐकायला मिळतं. क्लाउडमध्ये सर्व्हर उचलून ठेवायचं काम गेलं. परवानग्या, नेटवर्क, बॅकअप, बिल ही कामं तशीच आहेत, फक्त स्क्रीन बदलली. मायक्रोसॉफ्टचं एक क्लाउड केंद्र पुण्यात आणि ॲमेझॉनचं मुंबईत बरीच वर्षं सुरू आहे. एआयचं म्हणाल तर स्क्रिप्ट लिहायला त्याची मदत होतेच. पण त्याने दिलेली कमांड मुख्य सर्व्हरवर चालवायची की नाही, हे ठरवायला ती वाचता यावी लागते. गिटलॅबची गोष्ट आठवा.

इंग्रजी किती लागतं?

मराठी माध्यमातून आलेली मुलं इथे सगळ्यात जास्त घाबरतात आणि मला ते अनाठायी वाटतं. फाडफाड बोलणं नंतरचं. आधी लागतं ते वाचणं. एरर मेसेज पूर्ण वाचायचा, पहिल्या दोन शब्दांवर थांबायचं नाही. बऱ्याचदा कुठल्या फाइलच्या कुठल्या ओळीत घोटाळा आहे ते तिथेच लिहिलेलं असतं. लिनक्सची सुरुवात मराठीत करायची असेल तर आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे धडे मोफत आहेत आणि ते मराठीतही ऐकता येतात.

लिहिणंही लागतं, साधं पण नेमकं. 'सर्व्हर डाउन होता, आता ओके आहे' या टिकेटचा रात्रपाळीला येणाऱ्या सहकाऱ्याला काडीचा उपयोग नाही. किती वाजता, काय दिसलं, काय बदललं, परत झालं तर काय करायचं, एवढं हवं. आणि फोनवर चिडलेल्या माणसाशी शांतपणे बोलता यायला हवं. अकाउंट्समधल्या काकूंना प्रिंटर चालत नसल्याचं दुःख डेटा सेंटर बंद पडण्याइतकंच मोठं असतं, विशेषतः पगाराच्या दिवशी.

किल्ल्या तुमच्या हातात असतात

ॲडमिनला सगळं दिसू शकतं. साहेबांचे मेल, पगाराची फाइल, पेशंटचे रिपोर्ट. दिसू शकतं म्हणून बघायचं नसतं. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मधल्या कलम ४३ आणि ६६ नुसार मालकाच्या परवानगीशिवाय सिस्टीममध्ये शिरणं किंवा डेटा काढून घेणं यासाठी भरपाई द्यावी लागू शकते, आणि ते अप्रामाणिकपणे केलं असेल तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 'शिकण्यासाठी' कॉलेजच्या नेटवर्कवर हॅकिंगची साधनं चालवून बघणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

दुसरी जबाबदारी नोंदींची. देशातली सायबर सुरक्षा यंत्रणा 'सर्ट-इन'ने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार ठरावीक सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात, लॉग १८० दिवस जपावे लागतात आणि मशीन्सची घड्याळं सरकारी टाइम सर्व्हरशी जुळवून ठेवावी लागतात. घड्याळाचं काय एवढं, असं वाटेल. पण दोन सर्व्हरच्या लॉगमध्ये सात मिनिटांचा फरक असेल तर चोर आधी कुठे शिरला हे सांगता येत नाही.

घरी सराव, आणि मग क्लास

एखादा जुना लॅपटॉप, ८ जीबी रॅम, मोफत मिळणारं 'व्हर्च्युअलबॉक्स'. त्यात ग्राफिक्स नसलेली दोन लिनक्स मशीन्स आरामात चालतात. उबुंटू, रॉकी किंवा अल्मा लिनक्स मोफत उतरवून घेता येतात. एका मशीनवर वेब सर्व्हर उभा करा, दुसऱ्यावर त्याचा बॅकअप पाठवा. मग पहिलं मशीन मुद्दाम मोडा. सेटिंगची फाइल खराब करा, डिस्क भरा, फायरवॉलमध्ये २२ नंबरचा पोर्ट बंद करून स्वतःलाच बाहेर कोंडून घ्या. नंतर दुरुस्त करा आणि काय केलं ते वहीत लिहा. ही वही मुलाखतीत सर्टिफिकेटपेक्षा जास्त बोलते. क्लाउडवर सराव करणार असाल तर आधी बिलाची मर्यादा आणि इशारा लावून ठेवा. विसरलेलं मशीन महिनाभर पैसे खात बसतं.

क्लास लावायचाच असेल तर अभ्यासक्रमाची तारीख बघा. मायक्रोसॉफ्टने 'एमसीएसए' आणि 'एमसीएसई' ही जुनी सर्टिफिकेट्स जानेवारी २०२१ अखेर बंद केली. सेंटओएस ७ची मुदत ३० जून २०२४ला संपली, विंडोज सर्व्हर २०१२ची त्याआधीच ऑक्टोबर २०२३ मध्ये. यातलं काही फळ्यावर दिसलं तर फी भरण्याआधी प्रश्न विचारा. सर्टिफिकेटमध्ये रेड हॅटच्या 'आरएचसीएसए'ला मान आहे, कारण ती परीक्षा पूर्ण प्रात्यक्षिक असते. पर्याय निवडून टिक मारायची सोय नाही. नेटवर्कसाठी सिस्कोचं 'सीसीएनए', मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडसाठी 'एझेड-१०४'. तिन्ही एकदम करायच्या भानगडीत पडू नका.

दहावीनंतरचा स्वस्त मार्ग आयटीआयचा. 'कोपा' हा एक वर्षाचा ट्रेड आणि 'आयसीटी सिस्टीम मेंटेनन्स' हा दोन वर्षांचा. दुसरा या कामाच्या जास्त जवळ आहे. इंजिनिअरिंग किंवा एमसीए झालेल्यांसाठी सी-डॅकचा 'डीआयटीआयएसएस' हा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, त्यासाठी सी-कॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. एमएस-सीआयटी आहे म्हणून ही नोकरी मिळेल, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. तो कॉम्प्युटर वापरायचा कोर्स आहे.

पहिल्या नोकरीत तुमच्या पदाचं नाव बहुधा सिस्टीम ॲडमिन नसेल. 'डेस्कटॉप सपोर्ट', 'एल-१ इंजिनिअर', 'एनओसी इंजिनिअर' असं काहीतरी असेल, बऱ्याचदा कंत्राटदाराच्या पगारपत्रकावर आणि रात्रपाळीत. ऑफर लेटर घेताना पगाराबरोबर चार गोष्टी विचारून घ्या: शिफ्ट कशा फिरतात, सुट्टीच्या दिवशी फोन आला तर त्याचा मोबदला मिळतो का, मूळ प्रमाणपत्रं जमा करून घेतात का आणि सर्व्हरच्या टीमसोबत काम करायला किती महिन्यांनी मिळतं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'बघू' असं आलं, तर वर्षभर कीबोर्ड आणि माऊसच बदलत राहण्याची तयारी ठेवा, किंवा दुसरी मुलाखत द्या.